चांद्याचे हायब्रिडराव

चांदे गाव मुळशी तालुक्यात आहे. शेजारची म्हाळुंगे आणि सूस २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, चांदे ग्रामपंचायतीतच राहिलं. तरी तिथल्या टॉवरांत राहायला आलेला माणूस पत्ता सांगताना मुळशी हा शब्द गिळतो आणि ‘हिंजवडीपासून दहा मिनिटं’ असं सांगतो. ही दहा मिनिटं पहाटे साडेतीनची असतात. या टॉवरांत हमखास भेटणारे गृहस्थ म्हणजे हायब्रिडराव. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं, नोकरी आयटीतली, खाली पार्किंगमध्ये जुनी डिझेल गाडी, आणि लॅपटॉपवर नव्या एसयूव्हीच्या तुलनेची एक्सेल शीट. शीटमध्ये मुख्य रकाने दोन: माइल्ड हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड. मुलगी आठवीत असताना उघडलेली ही शीट ती बारावीला गेली तरी बंद झालेली नाही. सोसायटीतले लोक म्हणतात, यांना गाडी घ्यायचीच नाही. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. हायब्रिडरावांची आकडेमोड चोख असते. फक्त त्यांचं घोडं ज्या ठिकाणी अडलेलं आहे, त्याला शीटमध्ये रकाना नाही. ते ठिकाण म्हणजे पार्किंगच्या भिंतीवरचा, अजून न बसलेला, पंधरा अँपिअरचा सॉकेट.

आधी रकाने पाहू. माइल्ड हायब्रिड म्हणजे मुळात पेट्रोलची किंवा डिझेलचीच गाडी. स्टार्टर आणि अल्टरनेटरचं काम एकाच यंत्राकडे दिलेलं, जोडीला छोटी बॅटरी. चढावर बैलगाडीला मागून खांदा देणाऱ्या गड्यासारखा हा सरंजाम इंजिनाला हातभार लावतो. नुसत्या विजेवर गाडी ओढणं त्याच्या कुवतीबाहेरचं. तरी ‘हायब्रिड’ हे नाव मिरवायला मिळतं, आणि त्या नावाला भुलणारे हायब्रिडराव एकटे नाहीत. २०१५ मध्ये केंद्राची फेम योजना आली तेव्हा सियाझ आणि अर्टिगाच्या माइल्ड हायब्रिड डिझेल गाड्यांनाही तेरा हजारांपर्यंत अनुदान मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून सरकारने ते काढून घेतलं. म्हणजे दिल्लीला दोन वर्षं लागली. हायब्रिडरावांना चार लागली तर बिघडलं कुठे? दुसऱ्या रकान्यातली प्लग-इन मात्र अस्सल. भिंतीतून वीज घ्यायची, चाळीस-साठ किलोमीटर तिच्यावर काढायचे, पुढे पेट्रोल. अडचण एवढीच, की हायब्रिडरावांच्या वीस-पंचवीस लाखांत अशी एसयूव्ही आपल्या बाजारात आजवर आलेली नाही. बीएमडब्ल्यूची एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये भारतात आली ती दोन कोटी साठ लाखांना, आणि तेवढ्या पैशांत हायब्रिडरावांचा थ्री-बीएचके पार्किंगसकट येऊन वर फर्निचर निघतं.

न मिळणाऱ्या गाडीची तुलना करणारा माणूस खुळा, असं कोणी म्हणेल. पण चांद्याच्या रस्त्याला प्लग-इनइतकी शोभणारी दुसरी गाडी नाही, हे हायब्रिडरावांनी बरोबर ओळखलेलं आहे. हिंजवडी गाठायची, संध्याकाळी बालेवाडीला मुलीचा क्लास, परत घरी. सगळं मिळून तीस किलोमीटरच्या आत. त्यातला बराचसा वेळ म्हाळुंग्याच्या कोंडीत पुढच्या डंपरचं बूड पाहण्यात जातो. हा सारा प्रवास विजेवर निघू शकतो. माइल्ड हायब्रिड थांबल्यावर इंजिन बंद करते खरी, पण एप्रिलच्या उन्हात एसीने तगादा लावला की ते मुकाट्याने पुन्हा सुरू होतं. आणि प्लग-इनला लागतं काय? वीस युनिटांची बॅटरी धरली तर साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर सहा-सात तास, म्हणजे एक रात्र.

तो सॉकेट कुठून आणायचा? जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायची मुभा दिली आहे. पण हायब्रिडरावांचा मीटर तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये, गाडी बेसमेंटच्या दुसऱ्या पातळीवर, आणि मधल्या सगळ्या भिंती सामायिक. केबल कोणत्या बीमखालून न्यायची, भोक कोणी पाडायचं आणि आग लागली तर सही कोणाची, हे तीन प्रश्न कमिटीच्या दर सभेत पुढच्या सभेवर ढकलले जातात. (मुळशी धरणाचं पाणी घाट उतरतं, खाली भिऱ्याला त्याची वीज होते आणि ती थेट मुंबई गाठते, मुळशीतली एक केबल दोन मजले उतरत नाही.)

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला: मग स्ट्राँग हायब्रिड घ्या की! ती स्वतःच चार्ज होते, सॉकेट नको, कमिटी नको. सल्ला रास्त आहे, पण हायब्रिडरावांनी त्याचंही गणित मांडून ठेवलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रँड व्हिटारा आली तेव्हा झेटा प्रतीतली ऑटोमॅटिक माइल्ड हायब्रिड १५.३९ लाखांना होती आणि स्ट्राँग १७.९९ लाखांपासून. जाहीर मायलेज २०.५८ आणि २७.९७. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर पेट्रोल वाचतं सुमारे १२८ लिटर, शंभराच्या वरच्या भावाने तेरा-साडेतेरा हजार रुपये. अडीच लाखांवरचा फरक भरून यायला एकोणीस-वीस वर्षं. खाजगी गाडीची नोंदणी असते पंधरा वर्षांची. कोणी म्हणेल, हे जाहीर आकडे. कोंडीत स्ट्राँग हायब्रिड याहून पुष्कळ वाचवते. मान्य. बचत दुप्पट धरली तरी दहा वर्षं जातात, आणि महागड्या गाडीत सोयीही जास्त असतात हे धरून कोणी ती घेतली तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण हायब्रिडरावांचं मन तिच्यात रमत नाही, आणि त्याचं कारण गणितात सापडत नाही. तिला वायर नाही. श्टुटगार्टच्या मेव्हण्याने व्हिडिओ कॉलवर गाडीला वायर लावून दाखवली होती, तेव्हापासून जिला वायर नाही ती गाडी त्यांना अर्धवट वाटते.

मेव्हण्याची साक्षही तपासायला हवी. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्याच इंधननोंदी पाहिल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. यंत्रात खोट नव्हती. माणसं ती गृहीत धरल्याइतकी चार्जच करत नव्हती. पेट्रोलचं बिल कंपनी भरते, मग रात्री थंडीत वायर कोण लावणार? चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी, दोन्ही घरची पाहुणी. तिथे सॉकेट असून वृत्ती नाही, इथे वृत्ती असून सॉकेट नाही.

आणि सॉकेट चांद्यात नाहीत असंही नाही. टॉवरच्या कुंपणापलीकडे गावठाणात घराला अंगण आहे, अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये स्वतःच्या मीटरवरचा बोर्ड. त्यावर पिठाची गिरणी चालते आणि लग्नसराईत डीजेही वाजतो. प्लग-इनचा खरा धनी हा गावठाणातला घरमालकच. वायर लावायला त्याला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पण गुंठ्यांचे पैसे आले तेव्हा त्याने काळी डिझेल एसयूव्ही घेतली, तीही एका दुपारी, मायलेज न विचारता. टॉवरवाल्याला त्या गाडीचं मायलेज तोंडपाठ आहे, कारण तेही शीटमध्ये एका रकान्यात भरलेलं आहे. मधल्या कुंपणावरून या दोघांचं या विषयावर बोलणं कधी होत नाही. शेवटी हायब्रिडराव घेतील ती माइल्ड हायब्रिडच, कारण तिला कोणाचीच सही लागत नाही. तोवर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, म्हणून शीटमधल्या सगळ्या किमती नव्याने भरायचं काम निघालेलं आहे; आणि ते संपेपर्यंत जुनी डिझेल गाडी म्हाळुंग्याच्या कोंडीत, इंजिन चालू ठेवून, रोज उभी असते.