गेजवस्त्राचा बर्फ

“मॅडम, थर्माकोल हाय का वं तुमच्या घरी? टीव्हीच्या खोक्यातलं गिन?”

काकूंचा दिवस आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीपाशी सुरू होतो. भिंत छातीएवढी, वरच्या दोन विटा कधीच्या निखळलेल्या, आणि त्या खाचेत काकूंचा कोपर नेमका बसतो. विटा बसवायला गवंडी आला होता, त्याला काकूंनीच परत पाठवलं.

“थर्माकोल कशाला हवं? सजावटीच्या थर्माकोलवर 2018 सालीच बंदी आली राज्यात.”

“बंदी गुटख्यावरबी हाय. टपरीवर भेटतेच ना.”

काकूंशी कायद्याचं बोलू नये. प्रकरण असं होतं की त्यांची पुण्याची नात 23 तारखेला येणार होती आणि तिनं आजीला फोनवर फर्मान सोडलं होतं, या वेळी माझी बेडरूम ख्रिसमसची पाहिजे. सोबत मोबाइलवर फोटो. पांढरा पलंग, खिडकीत तारा, कोपऱ्यात झाड, दाराला हिरवं कडं आणि जिकडेतिकडे बर्फ.

“बर्फ, मॅडम! वाशीममंधी! म्या जल्मात बर्फ पाह्यला तो गारपिटीचा. त्यानं उभा हरभरा झोपवला आमचा. अन् ही पोट्टी म्हनते, आजी, पलंगापाशी बर्फ टाक.”

“मग टाका की.”

“अन् लोक काय म्हनतीन? मार्गशीर्षाचे गुरुवार सुरू हायेत. इकडे कलश मांडेल अन् तिकडे तो सांताबाबा.”

“कलश कुठं आहे?”

“देवघरात.”

“आणि बेडरूम?”

“वरतं.” काकूंनी क्षणभर विचार केला. “मंग काय, बरं हाय.”

काकूंचं धर्मशास्त्र असं मजल्यांवर सुटतं.

त्यांना खरी धास्ती वेगळीच होती. मागच्या साली कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींनी प्लास्टिकचं तयार झाड आणलं होतं, भारीतलं. त्याचा हिरवा रंग हाताला लागायचा. त्यावर लायटिंगच्या इतक्या माळा गुंडाळल्या की घरातलं बटन ऐन पाहुण्यांसमोर खाली पडलं. “अन् वरतून म्हने, आमच्या झाडाले गॅरंटी हाय,” काकू म्हणाल्या. हे त्यांचं मला आधी किती वेळा सांगून झालं होतं, पण दर वेळी त्यात नवा पाहुणा वाढतो.

पलीकडच्या अंगणात सिस्टर मोरपंखीला पाणी घालत होत्या. त्यांनी नळी खाली टाकली आणि तिसऱ्या बाजूनं भिंतीला येऊन लागल्या. सिस्टरांचं नाव गल्लीत कोणी घेत नाही. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झाल्या तरी त्या सिस्टरच. कागदोपत्री रेनॉल्ड्स मेमोरियल, पण रिक्षावाल्याला ‘मिशनचा दवाखाना’ एवढं सांगितलं की पुरतं. नाझरीन चर्चचा हा दवाखाना उभा केला तो 1936 साली अमेरिकेहून आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी. तेव्हा इंग्रजांच्या नकाशात गावाचं नाव बासिम होतं. 1905 साली गेलेलं जिल्हापण परत मिळायला 1998 उजाडायचं होतं. दवाखान्याला जोडून नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. तर सांगायचं काय, ख्रिसमस ही वस्तू वाशीमला मोबाइलमधून आलेली नाही. काकूंच्या दोन्ही लेकी त्याच दवाखान्यात झाल्यात.

“थर्माकोल कायले पायजे?” सिस्टर म्हणाल्या. “आमच्या वेळी होस्टेलच्या खोलीत काय होतं? लोखंडी खाट, एक ट्रंक अन् खिडकी. पगार झाल्यावर घोटीव कागद आनाचा, घरून कापूस आनाचा. झाला ख्रिसमस. काकू, तुमच्या वावरात पऱ्हाटी हाय का उभी?”

“हाय ना. दोन वेचे झाले. आता काय बोटभर बोंडं ऱ्हायले. फरदड घ्यावं म्हने आमचा पोरगा.”

“घेऊ नका,” मी आणि सिस्टर एकदम म्हणालो. दरवर्षी कृषी खात्याचे लोक घसा कोरडा करून हेच सांगतात. डिसेंबर सरता सरता पऱ्हाटी उपटा, नाही तर गुलाबी बोंडअळी त्याच रानात मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात कापसावर बसते. म्हणजे उपटायची ती आहेच. मग त्यातली एक गाडीवर टाकून घरी आणायला काय हरकत?

सिस्टरांचं म्हणणं अगदी सरळ होतं. चांगल्या फांद्या फुटलेली, काकूंच्या खांद्याएवढी एक पऱ्हाटी निवडायची. पानं झाडून टाकायची. किडकी, कवडी झालेली बोंडं तिथंच वावरात तोडून जाळायची, घरात आणायची नाहीत. पुरती उमललेली चार-दोन तेवढी ठेवायची, कापसासकट. दोन दिवस अंगणात उन्हात उभी करायची. मग चुन्यात थोडा डिंक कालवून फांद्यांना हात द्यायचा. डिंक नसला तर चुना पलंगपोसावर उतरतो. तेलाच्या रिकाम्या पिप्यात गोटे आणि माती भरून त्यात रोवली की झाड हलत नाही.

“हे तं झाडच झालं वं!” काकू म्हणाल्या. “अन् बर्फबी त्याच्यावरच लागेल!”

आता मला सांगा, हे जर्मनीतलं सूचिपर्णी झाड थर्माकोलच्या पांढऱ्या गोळ्यांसकट इथं आणायचं कशाला? आपल्याकडं डिसेंबरात पांढरं काय असतं, तर कापूस. वावरात, बैलगाडीत, जिनिंगच्या दारातल्या ट्रॉलीवर, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला, सगळीकडं तोच. नातीच्या फोटोतला बर्फ पाहून काकू घाबरल्या आणि त्यांच्या स्वतःच्या ओसरीत कापसाची गाठोडी पडली होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. “कापूस इकाले हाय,” एवढंच म्हणाल्या.

झाडाला काय टांगायचं, यावर दोघींची जुंपली. सिस्टरांना घोटीव कागदाच्या साखळ्या हव्या होत्या. काकूंनी जुन्या बांगड्यांचा डबा काढला. फुटक्या नाही, उतरवून ठेवलेल्या. त्यांना लाल-हिरवी लोकर गुंडाळली तर काचेचं कडं मऊ होतं आणि लेकराच्या हातात फुटतही नाही. त्यातच लग्नपत्रिका आल्या. आपल्याकडं एका उन्हाळ्यात घरटी किती पत्रिका जमतात हे काही सांगायला नको. गणपतीचं चित्र आणि नावं कापून बाजूला ठेवायची, राहिलेला सोनेरी आणि लाल जाड कागद घ्यायचा. त्याच्या चांदण्या, घंटा, जे सुचेल ते. बेगडीपेक्षा हा कागद टिकतो. काकूंनी गणपती कापायला मात्र हात लावला नाही, ते काम सिस्टरांकडं गेलं.

तारा हा सगळ्यांत अवघड भाग आणि त्यातच मजा आहे. वसईकडं नाताळात दारोदार तारे लागतात, गल्लोगल्ली गोठे मांडतात. आपल्या दिवाळीच्या कंदिलाची आणि त्याची कृती एकाच घराण्यातली. तुराट्या घ्यायच्या. यंदाची तूर अजून उभी आहे, म्हणून मागच्या सालच्या, चुलीजवळ रचलेल्या, त्यातून सरळ आणि बिनगाठीच्या निवडायच्या. गाठीची तुराटी वाकवली की कटकन मोडते. दीड-दीड फुटाच्या दहा काड्या. पाचांची एक चांदणी, पाचांची दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं सुतानं बांधायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत, दोन चांदण्यांच्या मध्ये, चार-चार बोटांच्या आडव्या काड्या बसवायच्या. त्या बसल्या की चपटी चांदणी फुगून उभी राहते. पोरं इथं हमखास ओरडतात. वरून पतंगी कागद, खळीनं चिकटवलेला.

“खळीत मोरचूद टाकाव लागते,” काकू म्हणाल्या. “नाई तं झुरळं खातात.”

“लेकराच्या खोलीत मोरचूद नको. इख हाय ते,” सिस्टर म्हणाल्या. “आठ दिवसांचा तारा. झुरळानं खाल्ला तं खाऊ द्या.”

इथं मला बर्फाचा प्रश्न उरला होता, कारण नातीला झाडावरच्या चार बोंडांवर समाधान मानायचं नव्हतं. माळ पाहिजे होती, खिडकीच्या गजांपासून पलंगाच्या दांड्यांपर्यंत. मच्छरदाणीसाठी पलंगाला चार दांडे आहेतच, त्यांच्यावर माळ सोडली की फोटोतल्या पलंगापेक्षा देखणा. सिस्टर कापसाचे गोळे सुईदोऱ्यात ओवायला निघाल्या. काकू थोडा वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “आना इकडे. तुमचं असं दिवाळीलोक होईल.”

भिंतीच्या कठड्यावरच बसकण मारली. सरकी काढलेला कापूस डाव्या हातात, उजव्या हाताची दोन बोटं पाण्यात बुडवलेली. थोडा ओढला, पीळ दिला, थोडा सोडला, परत पीळ. गेजवस्त्र! हरतालिकेला, महालक्ष्म्यांना हीच बाई दरवर्षी हातभर करते, आणि आम्ही इथं सुई-दोरा शोधत होतो. बघता बघता वीतभर मणी-मणी पांढरी माळ कठड्यावरून खाली लोंबायला लागली. ही कला आमच्या पिढीनं पॅकेटमधून विकत घेतली आणि विसरली, हे म्हणायला मला लाज वाटत नाही, चीड येते.

पुढचं काकूंनी जाणूनबुजून केलं की सवयीनं, हे त्याच जाणोत. माळ पुरी झाली आणि हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडं गेला. प्रत्येक पिळावर एक बोट. सिस्टर “अवं अवं” म्हणेपर्यंत अर्धी माळ लाल-पांढरी.

आम्ही तिघी बघतच राहिलो. ख्रिसमसचा रंग दुसरा कोणता असतो?

“असू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “मस्त दिसते.”

“पन तुमच्या देवाले चालते का?”

“माळ खिडकीले हाय काकू, देवाले नाई. अन् आमच्या चर्चमंधी ना. वा. टिळकांचे अभंग म्हनतात, टाळ घेऊन. चालते सारं.” रेव्हरंड टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म घेतला, पण ओवी-अभंग काही सोडले नाहीत. मराठी चर्चला त्यांनी आपली पदं दिली. काकूंना टिळक म्हणजे लोकमान्यच माहीत. “ते कधी झाले ख्रिश्चन?” असं त्यांनी विचारलं, आणि तो घोळ निस्तरण्यात चहा थंड झाला.

दाराचं हिरवं कडं मात्र मिनिटात झालं. माठ डोक्यावर न्यायची जुनी चुंबळ काकूंकडं होती, तिच्यावर सिस्टरांच्या मोरपंखीच्या कोवळ्या फांद्या खोचल्या, सुतळीनं आवळल्या. मध्ये सुरूच्या झाडाखाली मिळतात ती बारकी खरखरीत बोंडं. मोरपंखी आठवडाभर हिरवी राहते. बिब्बे लावू म्हणत होत्या काकू, काळे चकचकीत दिसतात म्हणून. ते मात्र आम्ही हाणून पाडलं. बिब्बा उतला की नातीचा ख्रिसमस दवाखान्यात.

पलंगाशेजारच्या देवळीत काय मांडायचं, हे माझं डोकं. तान्ह्या पोळ्याचे मातीचे बैल माळ्यावर होते. गव्हाणीचा देखावा करायला आणखी काय लागतं? थोडा कडबा, एक पणती उलटी घालून गव्हाण, आणि हे बैल. संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिल्यांदा असा देखावा मांडला तो खरा बैल आणि खरं गाढव आणून. आमचे बैल शिंगांना हिंगूळ लावलेले, पाठीवर झूल रंगवलेली. काकूंना हा प्रकार सगळ्यात पटला. बाळ जन्मलं ते गोठ्यात, एवढं ऐकल्यावर त्यांनी सिस्टरांना विचारलं, “बाळंतीण कशी होती मंग? शेक-शेगडी कोन केली?” सिस्टरांनी इतकी वर्षं बाळंतपणं केलेली, त्यांनाही याचं उत्तर देता आलं नाही.

एका गोष्टीवर सिस्टर हटल्या नाहीत. मेणबत्ती त्या खोलीत नाही म्हणजे नाही. कापूस, पतंगी कागद, वाळकी पऱ्हाटी आणि मच्छरदाणी, यात एक ठिणगी पुरते. जळालेली माणसं त्यांनी वॉर्डात पाहिलीत, त्या याबद्दल जास्त बोलत नाहीत. लाइटची माळ लावायची तर एलईडीची, तीही गजाला, कापसापासून वीतभर लांब आणि झोपताना बंद. ताऱ्यातही तोच बारका दिवा, जुना पिवळा बल्ब नको, तो तापतो.

आणि खोली झाडायची कधी? तो मुहूर्त काकूंनी आधीच धरलेला होता. 20 डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी त्या दरवर्षी सगळं घर झाडतात. या वेळी वरच्या मजल्यापासून सुरुवात केली, एवढाच फरक.

22 तारखेच्या संध्याकाळी तारा खिडकीत लागला आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनी गच्चीवर कपडे काढायला आल्या. कपडे तिथं नव्हतेच, काकूंनी नीट पाहिलं. बराच वेळ त्या इकडं बघत उभ्या राहिल्या. मग खाली येऊन भिंतीपाशी, “कितीचं आणलं हो झाड?”

“वावरातलं हाय,” काकू म्हणाल्या. “गॅरंटी नाई त्याले.”

आता एकच वाद शिल्लक आहे. सिस्टर म्हणतात, सजावट 6 जानेवारीला उतरवायची, तशी रीत आहे. काकू म्हणतात, एवढी मेहनत केली, संक्रांतीपर्यंत ठेवू, हळदीकुंकवाच्या बायका वर नेऊन दाखवते. मी म्हटलं, पऱ्हाटी चुलीत घाला लवकर, बोंडअळीचा भरवसा नाही. ते दोघींनीही ऐकलं नाही.

“पन कापूस मले वापस पायजे, सिस्टर,” काकू भिंतीवरून उतरता उतरता म्हणाल्या. “माळेतला सोडा, त्याच्या वाती करीन मी. खाली टाकला तो. जोखून देल्ला हाय म्या.”