नातूरची मेहेरनजर

ज्या देशात पेट्रोलचा भाव महिन्याच्या अखेरीस एक समिती मुक्रर करते, आणि ज्या देशातील मराठी माणूस तो भाव जाहीर होताच, चढणार असेल तर रात्री बाराच्या आत आणि उतरणार असेल तर बारा वाजून गेल्यावर, पंपाकडे धाव घेतो, त्या देशात काटकसर हा एक सामान्य गृहस्थी गुण न राहता सार्वजनिक उपासना होऊन बसल्यास नवल नाही. संयुक्त अरब अमिरातीने १ ऑगस्ट २०१५ पासून पेट्रोलचा भाव सरकारी आधारावरून उतरवून जागतिक बाजाराच्या स्वाधीन केला. पुढे जुलै २०२२ मध्ये स्पेशल ९५ जातीचे पेट्रोल लिटरमागे ४ दिरहम ५२ फिल्सवर जाऊन पोहोचले, आणि त्या एका महिन्यात शारजाच्या अल नहदा भागातील मराठी बिऱ्हाडांत, एरवी गणेशोत्सवाच्या वर्गणीवरदेखील होत नाही इतकी सखोल अर्थचर्चा झाली. आमच्या एका स्नेह्यांच्या मनात प्लग-इन हायब्रिड मोटार घेण्याचा संकल्प त्याच काळात अंकुरला, आणि यथावकाश तो कर्जाच्या हप्त्यांसह फळास आला.

या मोटारीची रचना मोठी मनोहर आहे. तिच्या तळाशी एक बॅटरी असते, जी भिंतीच्या सॉकेटातून भरावयाची; पुढे एक पेट्रोलचे इंजिन असते, जे पंपावरून भरावयाचे; आणि दोन्हीकडून भरण्याची सोय असल्यामुळे, दोन घरचा पाहुणा उपाशी या न्यायाने, पुष्कळदा तिची बॅटरी रिकामीच राहते. मात्र विक्रेत्याने दिलेल्या रंगीत पत्रकात तिच्या मितव्ययाचा जो आकडा छापलेला असतो, तो वाचून कोणाही पापभीरू माणसाचे डोळे भरून यावेत: शंभर किलोमीटरना दोन लिटर, कोठे कोठे दीड!

हा आकडा येतो कोठून, याचा तपशील आम्ही मुद्दाम पाहिला. युरोपात अनेक वर्षे चाललेल्या जुन्या चाचणीचे सूत्र असे की, गाडी भरलेल्या बॅटरीवर जितके अंतर जाईल तितके जाऊ द्यावे, त्यानंतर ती इंजिनावर फक्त २५ किलोमीटर चालेल असे गृहीत धरावे, आणि दोहोंची सरासरी काढावी. म्हणजे पन्नास किलोमीटर विजेवर, पुढचे पंचवीस पेट्रोलवर. इंजिन एरवी शंभर किलोमीटरना सहा लिटर पीत असले तरी पंचाहत्तर किलोमीटरना दीड लिटरच लागले, सबब शंभरास दोन! या सूत्राच्या कर्त्याची मानवजातीवरील श्रद्धा पाहून आम्ही थक्क झालो. बॅटरी संपल्यावर पंचविसाव्या किलोमीटरला मालकाला सॉकेट भेटणारच, आणि तो निष्ठेने खाली उतरून दोर जोडणारच, असा भरवसा आजवर कोणत्याही शास्त्रकाराने मनुष्याविषयी बाळगला नसेल. दुबईहून अबू धाबी सुमारे १४० किलोमीटर. कार्यालयात जाऊन, तेथे दोर न जोडता, त्याच पावली परत आलेल्या गृहस्थाची सरासरी याच हिशेबाने पाच लिटरांच्या घरात जाते. २०२४ साली युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदींची रुजवात घातली, तेव्हा या जातीच्या गाड्यांचे कार्बन-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट भरले. ब्रिटनमध्ये तर कंपन्यांनी नोकरांना दिलेल्या अशा गाड्या मुदत संपून परत आल्या, तेव्हा कित्येकींतील चार्जिंगचा दोर वेष्टनातून बाहेरसुद्धा निघालेला नव्हता, अशी वदंता २०१८ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. आमच्या स्नेह्यांवर मात्र हा आळ कदापि येणार नाही. त्यांनी दोर पहिल्याच दिवशी बाहेर काढला, त्याला हळदकुंकू वाहिले, आणि मग तो जोडावयाचा कोठे, या प्रश्नास ते सामोरे गेले.

अल नहदाच्या इमारतींत माणसे वीस-वीस मजल्यांवर राहतात, त्यांच्या मोटारी तळघरात राहतात, आणि तळघरात ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्या मोटारी कच्च्या पार्किंगात, म्हणजे वाळूच्या मोकळ्या मैदानात, ईश्वराच्या भरवशावर राहतात. स्नेह्यांना सुदैवाने तळघर लाभले होते, आणि त्यांच्या जागेपासून सात पावलांवर, खांबाच्या आडोशाला, झाडलोट करणाऱ्याच्या यंत्रासाठी बसवलेले एक तीन छिद्रांचे सॉकेटही होते. रात्रभर दोर लावून ठेवला की सकाळी बॅटरी भरलेली. एवढा सोपा बंदोबस्त. परंतु त्या सॉकेटावर अधिकार नातूरचा. आखातात इमारतीच्या रखवालदाराला नातूर म्हणतात, आणि त्याची वहिवाट एखाद्या जुन्या संस्थानातील किल्लेदारापेक्षा तिळमात्र कमी नसते. स्नेह्यांनी पहिली दरखास्त तोंडी केली. "भाईजान, रात को थोडा चार्जिंग लगाना है।" नातूरने गाडीकडे, दोराकडे आणि सॉकेटाकडे अशा क्रमाने पाहून निकाल दिला, "साब, ये करंट बिल्डिंग का है। मुदीर बोला, गाडी नहीं।" मुदीर म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक. दिवाळीत फराळाचा डबा नजराणा म्हणून खाली गेला. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला आणि सोबत अभिप्रायही आला: "साब, चकली बहुत अच्छा है। करंट बिल्डिंग का है।"

अपील सुनावणीस येईपर्यंत सार्वजनिक चार्जिंगचा आश्रय करणे भाग पडले, आणि येथे गणित नावाची एक निष्ठुर देवता मध्ये आली. संघराज्याच्या सार्वजनिक जाळ्यावर सावकाश चार्जिंगचा दर युनिटमागे ७० फिल्स, जलद चार्जिंगचा १ दिरहम २० फिल्स, आणि वर पाच टक्के व्हॅट. शंभर किलोमीटरना वीस युनिटे लागतात असे धरले तर सावकाश मार्गाने १४ दिरहम ७० फिल्स होतात. तेच अंतर सहा लिटर पेट्रोलवर, अडीच दिरहमांच्या भावाने, १५ दिरहमांत कापले जाते. निव्वळ शिल्लक ३० फिल्स, ज्यात दुबईच्या करामा भागातील कोणताही मलबारी कडक चहाचा अर्धा कपसुद्धा देणार नाही. शिवाय ती मिळवण्यासाठी तीन-चार तास एखाद्या मॉलमध्ये काढावे लागतात, आणि सहकुटुंब मॉलमध्ये काढलेल्या तीन तासांचा जमाखर्च वेगळ्या खात्यावर पडतो. जलद यंत्राला ही गाडी मुळात जोडता आली, तर शंभर किलोमीटर पंचवीस दिरहमांना पडतात, म्हणजे पेट्रोल जाळणे हीच काटकसर ठरते. उलट दुबईत ज्याचा स्वतःचा व्हिला आहे, त्याच्या घरच्या विजेचा पहिला टप्पा युनिटमागे २३ फिल्सचा. इंधन-अधिभार मिळवूनही त्याचे शंभर किलोमीटर सहा-साडेसहा दिरहमांत उरकतात. तात्पर्य, या देशात इंधनाची उत्तम बचत त्यालाच साधते, ज्याला ती करण्याची काडीमात्र गरज नाही.

याचा अर्थ चालकाच्या कौशल्यास काही मोल नाही असा मात्र नव्हे, आणि स्नेही त्या शास्त्रात आता आचार्यपदाला पोहोचले आहेत. त्यांचा उपदेश असा: शारजाहून दुबईला जाणाऱ्या अल इत्तिहाद रस्त्यावर सकाळी सातला जी मुंगीच्या पावलाची कोंडी होते, तेथेच वीज वापरावी, कारण तेथे इंजिन सर्वांत अधिक उधळे असते आणि ब्रेक दाबताना थोडी वीज परतही मिळते. पुढे रस्ता मोकळा झाला की 'सेव्ह' कळ दाबून इंजिनाला कामास लावावे, कारण समवेगाने धावताना इंजिन सर्वांत कमी उधळे असते. इंजिन चालवून बॅटरी भरण्याच्या 'चार्ज' कळीला विनाकारण शिवू नये; पेट्रोलची वीज करावयाची आणि विजेची पुन्हा गती करावयाची, यात प्रत्येक हस्तांतरणाला गळती असते. हा सर्व उपदेश शास्त्रशुद्ध आहे. अडचण एवढीच की कोंडीत विजेवर रांगणाऱ्या गाडीच्या डोक्यावर ऑगस्टचा सूर्य असतो आणि बाहेर पंचेचाळीस अंश असतात. एसी दोन-तीन किलोवॅट ओढत असतो आणि गाडी तासाला पंधरा किलोमीटर सरकत असते, म्हणजे चाकांपेक्षा गारव्यावरच अधिक वीज खर्ची पडते. दोर लावलेला असतानाच गाडी थंड करून घ्यावी, हा त्यावरचा उत्तम उपाय. परंतु दोराविषयी नातूरचे मत वर नमूद केलेच आहे.

वेगाची कथा आणखी वेगळी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरऐवजी एकशेचाळीसने गेल्यास किलोमीटरमागे हवेशी झगडण्यात जवळजवळ दुप्पट ऊर्जा खर्ची पडते. म्हणून स्नेही शंभराच्या वर जात नाहीत. पण अबू धाबीच्या हद्दीत ई-३११ महामार्गावर कमाल मर्यादा १४० ची, आणि तेथे २०२३ साली डावीकडच्या दोन मार्गिकांत ताशी १२० पेक्षा सावकाश जाणाऱ्यास ४०० दिरहम दंडाचे फर्मान निघाले. काटकसर हा दंडनीय अपराध ठरल्याचे हे विरळा उदाहरण एप्रिल २०२५ मध्ये मागे घेण्यात आले. तोवर आमचे स्नेही उजवीकडे मालमोटारींच्या सत्संगात, त्यांच्या आडोशाने हवेचा विरोध कमी होतो एवढे पुण्य पदरी बांधून, मार्गक्रमण करीत होते. काच फुटण्याच्या भीतीने त्यांच्या सौभाग्यवती मात्र प्रत्येक खडीच्या ट्रकमागे रामरक्षा म्हणत असत.

परवाच्या सुट्टीत त्यांनी एक विजय संपादन केला. रास अल खैमाच्या जेबेल जैसवर वळणावळणांचा सुरेख रस्ता चढतो. तो चढताना त्यांनी बॅटरी मुद्दाम रिकामी होऊ दिली, कारण भरलेली बॅटरी उतारावर मिळणारी वीज घेऊ शकत नाही. माथ्यावर इतर मंडळी थर्मासातला चहा पीत असता स्नेह्यांनी गाडीत बसून प्रवासमापक शून्यावर आणला आणि मग खाली उतरावयास प्रारंभ केला. दोन टनांची गाडी हजार-बाराशे मीटर उतरली, तर सर्व गळती वजा जाता फार तर चारेक युनिटे हाती लागतात, म्हणजे सार्वजनिक भावाने सुमारे तीन दिरहम. ती मिळवण्यासाठी शारजाहून तेथवर आणि परत लागलेल्या पेट्रोलचा हिशेब निराळा. पण पायथ्याशी पडद्यावर उमटलेला आकडा निर्विवाद होता: सरासरी ०.० लिटर. त्याचे छायाचित्र तेथूनच मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर गेले. कोपऱ्यात प्रवासाचे अंतर तीसेक किलोमीटर दिसत होते, ते कोणी वाचले नाही. संध्याकाळपर्यंत ग्रूपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, गाडीचे मॉडेल आणि हप्ता किती अशी पृच्छा झाली, आणि दोन सभासद, ज्यांपैकी एकाची मोटार कच्च्या पार्किंगात उभी असते, शोरूमची वेळ ठरवूनही मोकळे झाले.