वांग्याचा ठराव

महाप्रसादाची बैठक रविवारी सायंकाळी सातला होती, म्हणजे पावणेनऊला सुरू झाली. मंडळ आमच्या अमरावतीच्या कॉलनीचं. अर्धे सभासद नोकरीपायी अकोल्याहून आलेले. त्यामुळे गणपती दहा दिवसांचा, पण अकोला-अमरावती बारमाही. विषय दोनच : जेवाले काय अन् पाहाले काय.

पहिल्या विषयावर खरं तर भांडायचं कारण नव्हतं. वऱ्हाडात चार माणसं जमली की रोडगे अन् वांग्याची भाजी, हे आपल्या आज्यानं ठरवून ठेवलंय. जाडसर दळलेली कणीक, तेल लावून थर दिलेले गोळे, गोवऱ्यांचा आर. भाजला की राख झटकायची, फोडायचा, तूप सोडायचं, वरून वरण. भाजी अशी की पहिल्याच घासाला नाकानं दाद द्यावी. पण अध्यक्षांकडचं लग्न नुकतंच लॉनवर झालेलं.

"आता रोडगे कोन खाते भाऊ? पनीर ठेवा. एक चायनीजचं काउंटर लावा."

"मंग नैवेद्याले काय मंचुरियन दाखवता का?" कोपऱ्यातले काकाजी म्हणाले. ते दरवर्षी एवढंच बोलतात आणि दरवर्षी ते इतिवृत्तात येत नाही.

अकोलेकर उठले. "आमच्या कावडीले येऊन पाहा एकदा!" त्यांचं खरं आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी पोट्टे गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला येतात. अठराएक किलोमीटरची वाट. रस्त्याच्या कडेला उभी राहून माणसं त्यांच्या हातात चहा-फराळ देतात. केळं देणारा आधी तीन कोटेशन मागवत नाही. पण अकोल्याचं ऐकायचं म्हणजे अमरावतीची इज्जत. ताबडतोब गिल्या वड्याचा स्टॉल सुचवला गेला. एवढ्या पंगतीला दही कोण लावणार, हे विचारताच सुचवणाऱ्याला महत्त्वाचा फोन आला.

महाप्रसादासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते, हे मी चाचरत सांगितलं. "देवाच्या जेवनाले लायसन कायले?" या प्रश्नावर टाळ्या पडल्या. मग तोड निघाली : रोडगेही आणि पनीरही. उपसमित्या दोन. गोवऱ्या मात्र कोणत्याच उपसमितीत बसेनात. त्या आता मोबाइलवरून घरपोच मागवता येतात, असं एका पोट्ट्यानं सांगितलं तेव्हा काकाजी नुसतेच पाणी प्यायले.

पाहाले काय, हा विषय तीन मिनिटांत संपला. डीजे. कायद्यानं वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. ही बैठकच त्याच्या वर गेली होती, त्यामुळे मुद्दा बारगळला. इथून नागपूरच्या रस्त्याला लागलं की मोझरी येते. तिथल्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं रात्रभर जागी ठेवली, हेही मी बोलून पाहिलं. "खंजिरीवर पोट्टे नाचतीन का?" नाचणार नाहीत, हे मलाही कबूल करावं लागलं. ऐकत बसतील अशी भीती आहे.

उरलेला दीड तास बॅनरवर गेला. कोणाचा फोटो केवढा, प्रायोजक वर की गणपती वर. गणपती खाली आले. ते समजूतदार आहेत.

साडेअकराला, सगळे चपला शोधत असताना मी विचारलं, "पत्रावळ्या कोन उचलन?" या विषयावर मंडळात पूर्ण एकमत दिसलं; कोणी काहीच बोललं नाही. कीर्तनाआधी गाव झाडून काढणारे गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी याच शहराकडे येताना वलगावजवळ गेले. समाधी इथंच, गाडगेनगरात. विद्यापीठालाही आपण त्यांचं नाव दिलंय. जमाखर्चात डीजेला तीन वाटे, पनीरला दोन, रोडग्यांना एक धरलाय. झाडूला रकाना नाही.

पत्रावळ्या उचलणाऱ्यांच्या यादीत तूर्त एकच नाव आहे, ते माझं. खाली जागा भरपूर आहे. येणाऱ्यांनी झाडू घरून आणावा.