एकवीसशेंची वाट

२३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा सर्वांत मोठा धक्का बहुधा जिंकणाऱ्यांनाच बसला असावा. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागांवर अडकलेली महायुती विधानसभेत २८८ पैकी २३० वर जाऊन बसली. एवढं बहुमत मिळाल्यावर सरकार कसं झटपट येतं म्हणता! मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला, खातेवाटप त्यानंतर आणखी दोन आठवड्यांनी. जानेवारीत पालकमंत्री जाहीर झाले आणि रायगड-नाशिकच्या नेमणुकांना लगेच स्थगिती मिळाली. पालक ठरेनात, मग लेकरांचं कोण बघणार?

लेकरं तशी समजूतदार. बँकेच्या रांगेत पासबुकाची घडी उलगडत एक मावशी म्हणाल्या, "लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार येतात, ते खरं. पण निवडणुकीत एकवीसशे म्हणाले होते ना?" मागची म्हणाली, "म्हणाले होते. कधी देणार ते कुठं म्हणाले होते?" मतदार राजाला राजकारण कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी या रांगेत तासभर उभं राहावं.

मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला. एकवीसशे आलेच नाहीत. कर्जमाफीच्या आशेवर हप्ते थांबवलेल्या शेतकऱ्यांना त्याच महिन्यात अर्थमंत्री अजित पवारांनी ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरायला सांगितलं. सप्टेंबरात या लाडक्या बहिणींनाच ई-केवायसी करून आपण पात्र असल्याचं सिद्ध करायला सांगण्यात आलं. मत देताना मात्र बोटाला शाई लावली की काम भागलं होतं.