दीड इंच माया

लग्नसराईत पांढुर्ण्यात डॉक्टर मिळतो, वकील मिळतो, ५ ऑक्टोबर २०२३ ला जिल्हा झाल्यापासून तर हक्काचा कलेक्टरही मिळतो. रिकाम्या हाताचा शिंपी मात्र मिळत नाही. नवं शिवून देणारा एखादा हातापाया पडून सापडेलही. पण जुना सूट उसवून मोठा करून देणारा, आणि उसवण्याआधी दोन मिनिटं विचार करणारा, असा माणूस शोधायचा म्हणजे सासुरवाडीच्या सगळ्या नात्यांची परीक्षा.

नागपूरहून इटारसीकडच्या गाडीत बसायचं, काटोल-नरखेड मागे टाकायचं, की महाराष्ट्र संपतो. संपतो म्हणजे पाट्यांवर. डब्यातल्या गप्पा तशाच चालू असतात. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून इकडची मंडळी पाट्या हिंदीत रंगवतात आणि भांडणं मराठीत करतात. सोयरिकींनी ही हद्द कधी मनावर घेतली नाही, म्हणून मी इथला जावई.

या खेपेला साडभावाच्या मुलाचं लग्न होतं. रिसेप्शन सौसरला, आणि घरातल्या सगळ्या पुरुषांनी सूट घालायचा असा ठराव पोरांनी परस्पर पास केलेला. बायकोनं आमच्या लग्नातला सूट बॅगेत टाकला. नागपूरच्या महाल भागात शिवलेला, कापड झकास, बटणं शाबूत. पांढुर्ण्याला पोचल्यावर तो अंगावर चढवला तेव्हा बघायला अख्खं घर जमलं. बटण आणि काज यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर प्रत्येकानं आपापलं मत दिलं.

"श्वास सोडा, भाऊजी," मेव्हणा म्हणाला.

मी सोडलेलाच होता.

मग शिंप्यांच्या शिफारशी सुरू झाल्या. सासऱ्यांनी बाजारातल्या एका मास्टरचं नाव घेतलं. "माही सफारी त्यानंच शिवली. इतकी वर्सं झाली, टाका नाही निघाला." आतून सासूबाई म्हणाल्या, "घातली कधी, तं टाका निघन?" मावशींनी सावरगावचा एक कारागीर सुचवला आणि मेव्हण्याचा आवाज एकदम चढला. "सावरगाववाल्याले माप देता? पोयाच्या दुसऱ्या दिवशी नेम धरून उभा रायते तो!"

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि तो काढायला निघालेल्यांवर दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. हीच गोटमार. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून नेली आणि नदीतच दोघांवर दगड पडले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू वाटून बघितले. परंपरेचं हे अल्टरेशन कुणाच्याच अंगाला बसलं नाही. बाकी वर्षभर दोन्ही काठांचा रोटीबेटीचा व्यवहार सुखात चालतो. खुद्द मावशी सावरगावातच दिलेल्या, त्यामुळे मेव्हण्याचं वाक्य त्यांना लागलं आणि चहा उशिरा आला.

तडजोड म्हणून सासऱ्यांचा मास्टर ठरला. दुकानात नामदेव महाराजांची तसबीर होती. शिंप्याकडे नामदेव दिसले की माझा निम्मा विश्वास तिथंच बसतो. मास्टर एका हातानं काजं करत होते आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. मी पिशवीतून सूट काढायच्या आत ते म्हणाले, "होऊन जाईन."

"काय होऊन जाईल?"

"जे असन ते."

"कमरेत सोडवायचा आहे."

"होऊन जाईन."

"कोटाची बाही तोकडी वाटते."

"लांब होऊन जाईन."

"खांदे उतरल्यासारखे दिसतात."

"चढवून देऊ." भाव ऐकून सासरे दचकले, तेव्हा मास्टरांनी शांतपणे सांगितलं, "आता जिल्ह्याचा रेट आहे, काका." यावर सासऱ्यांकडे उत्तर नव्हतं, जिल्हा व्हावा म्हणून तेही मोर्च्यात गेले होते.

मी सूट परत पिशवीत घातला. ज्या माणसाला कापड न बघता सगळं जमतं, त्याच्या हाती कात्री बघून मला घाम फुटतो. घरी यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मेव्हण्यानं सौसरच्या एका म्हाताऱ्या मास्टरचं नाव काढलं. त्यांच्याबद्दल तक्रार एकच होती, ते कामं परत पाठवतात. मला ही तक्रार फार आवडली.

सौसरच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. संत्र्याचा हंगाम होता. रस्त्यालगत बागा, बागांशी उभे ट्रक, आणि बसमध्ये शेजाऱ्याच्या पायाशी क्रेट. त्यानं सोललेल्या संत्र्याचं साल सुटाच्या पिशवीवर ठेवलं आणि विचारलं, "लग्न का?" वाटेत जामसावळीला निम्मी बस उतरली. तिथला हनुमान पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. देशभरचे बहुतेक मारुती गदा घेऊन उभे, हा मात्र निवांत. कुठल्या सुटात कोंबायची भीती नसलेल्या त्या देवाला मी बसमधूनच नमस्कार केला.

सौसरला येणाऱ्या माणसाला वाटावं की इथं शिंप्यांना काय तोटा! याच तहसिलीत बोरगावला १९९१ पासून रेमंडची मिल आहे. सुटिंगचं कापड इथून देशभर जातं. पण कापड विणलं जातं एकीकडे, शिवलं जातं दुसरीकडे, आणि अंगाला घट्ट होतं ते तिसरीकडे, सासुरवाडीत.

मास्टरांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पायमशीन, भिंतीला लटकवलेला आरसा, कोळशाची इस्त्री. इथंही नामदेव महाराज होते, पण पांढुर्ण्यातल्यांपेक्षा लहान. मास्टर माझ्याशी बोललेच नाहीत. पँट घेतली, उलटी केली आणि मागची मधली शिवण बोटांत धरून कमरेपासून आसनापर्यंत चाचपत गेले. मग चष्मा वर करून विचारलं, "नागपूरचा हात आहे?"

"महालातला."

"इमानदार मानूस. दीड इंच माया ठेवली त्यानं." त्यांनी ब्लेडच्या टोकानं दोन टाके सोडले आणि आतलं दडलेलं कापड दाखवलं. बाहेरून राखाडी झालेला सूट आत अजून काळाभोर होता. "हे असं पट्टा बनून दिसन. जुन्या शिलाईचे भोकंही दिसतीन. ओलं फडकं ठेवून इस्त्री मारू, कमी होईन. पुरं नाही जाणार. वरून कोट येते, तं कोण पायते जी?" कोट उलटा करून अस्तर उचललं. बगलेखालच्या शिवणीत पाऊण इंच निघाला. "बटन लागन. बसाल तवा खोलून बसा." बाहीच्या टोकाशी आत काहीच दुमडलेलं नव्हतं, "कापड आनू कुठून?" म्हणून त्यांनी ती सोडून दिली. मी खांद्यांचा विषय काढताच कोट गादीवर ठेवला.

"खांद्याले हात नाही लावत मी."

"थोडंसं..."

"बाही काढा लागते, कॅनव्हास उकला लागते. मुंढा बिघडला का कोट गेला. खांदे तुमचेच उतरले, कोटाचे नाही." मेव्हणा खोकला काढून रस्त्याकडे बघू लागला.

इंची टेप कमरेभोवती टाकताना मी सवयीनं पोट आत ओढलं. मास्टर टेप तशीच धरून उभे राहिले. किती वेळ उभे राहणार म्हणून मी बघत होतो; आधी माझाच दम संपला. पोट मूळ जागी आल्यावर त्यांनी आकडा वहीत लिहिला. आजवर माझी इतकी खरी माहिती कुठल्याच कागदावर उतरली नसेल.

"मंगळवारी मिळेल?"

"मंगळवारी जामसावळीच्या गर्दीत बसमधी उभे रायसान का? बुधवारी या." बुधवारी सूट खरोखरच तयार होता, हे सांगितलं तर पांढुर्ण्यात अजून कुणी विश्वास ठेवत नाही. पँटच्या मागच्या बाजूला काळसर पट्टा होता, म्हणाले होते तेवढाच. पैसे देताना मास्टर सोबत आलेल्या बायकोकडे वळून म्हणाले, "पुरा दीड इंच नाही सोडला, ताई. अर्धा आत ठेवला. पुढच्या लग्नाले लागन."

रिसेप्शनला बटण लागलं. फोटो झाले, सासऱ्यांनी कोट चिमटीत धरून सफारीशी ताडून बघितला, आणि सावरगावच्या मावशींनी "माहा मानूस याच्याहून बरा करता" असं दोनदा ऐकवलं. पंगतीत सासूबाई स्वतः वाढायला आल्या. जावयाचा मान म्हणून जिलबीचा वेढा उचललाच होता, तेवढ्यात शेजारून बायकोनं माझ्या ताटावर हात आडवा धरला.

"त्यांना नको, आई. अर्धाच इंच राहिलाय."