व्याघ्रसंस्थानचा जमाखर्च

संस्थाने विलीन झाली, संस्थानिकांचे तनखेही १९७१ साली बंद झाले, आणि मुजरा घ्यावा असा राजा ह्या प्रजासत्ताकात कोणी उरला नाही, अशी जी समजूत आपल्याकडील सुशिक्षित वर्गात रूढ आहे, ती किती निराधार आहे हे चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याला लागलेल्या कोणाही मनुष्यास तासाभरात कळून येते. १९५५ साली, म्हणजे चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात मोडत होता त्या काळी, ताडोबाच्या तळ्याभोवती सुमारे ११६ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान म्हणून एका नव्या संस्थानाचा पाया घातला गेला. १९८६ साली त्याला अंधारी अभयारण्याचा प्रांत लाभला, १९९५ साली दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि पुढे बफर क्षेत्राची भर पडून आज हा मुलूख सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानाहूनही मोठा झाला आहे. फरक एवढाच, की औंधच्या अधिपतींनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन केला होता, आणि येथील अधिपतींच्या वतीने दफ्तर सांभाळणाऱ्या मंडळींना तसली अवदसा अद्याप आठवलेली नाही.

संस्थानचा मूळ पुरुष तारू. हा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला, त्याचा देव झाला, आणि तळ्याच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे, अशी आख्यायिका आहे. ताडोबा हे नाव त्याचेच. वाघाशी पहिली गाठ पडलेल्या स्थानिक रहिवाशाला मरणोत्तर देवपद देऊन त्याचे नाव प्रकल्पाला द्यावे, आणि त्याच्या वंशजांनी पौषात दर्शनास यायचे म्हटले तर त्यांना वनखात्याची परवानगी काढावयास लावावी, हा शिरस्ता पाहिला म्हणजे स्थानिक समाजाचा गौरव व त्याची गैरसोय ह्या दोन गोष्टी एकाच हुकुमाने कशा साधाव्यात ह्याचे प्रात्यक्षिक मिळते.

दरबार दिवसातून दोनदा भरतो, पहाटे आणि दुपारी. गाभाक्षेत्रात मंगळवारी सुटी असते. दर्शनार्थी पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून आणि परदेशांतूनही येतात. महिनोन्महिने आधी नोंदणी करतात, शनिवार-रविवारचा चढा दर बिनतक्रार भरतात, आणि हातभर लांबीच्या भिंगामागे डोळा लावून उघड्या जिप्सीत पहाटेच्या थंडीत असे निश्चल बसतात, की एवढी एकाग्रता त्यांनी आयुष्यात अन्यत्र दाखविली असती तर त्यांना वाघावाचूनही मोक्ष मिळाला असता. माया, मटकासुर, छोटी तारा, गब्बर ह्या राजकुळातील व्यक्तींची वंशावळ त्यांना तोंडपाठ असते. स्वतःच्या पणज्याचे नाव विचाराल तर मात्र बहुधा पंचाईत होते. वाटेत रानकुत्र्यांचा कळप आडवा जातो, गवा मान वर करून पाहतो, बांबूच्या बेटातून स्वर्गीय नर्तक लांब शुभ्र शेपूट सोडून उडतो, परंतु ह्यांपैकी कशाचीही दरबारी नोंद होत नाही, आणि संध्याकाळी उपाहारगृहात एकमेकांस भेटलेले दर्शनार्थी "झालं का?" एवढेच विचारतात. काय झाले, हे विचारावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल की हे निव्वळ कौतुक झाले, ह्यात शाश्वत पर्यटन कोठे आहे? तर त्याचे तत्त्वज्ञान मोठे सूक्ष्म आहे, आणि ते समजण्यास जामणी हे गाव उपयोगी पडते. वाघाच्या वंशवृद्धीसाठी अरण्याचा गाभा निर्वेध असावा, तेथे मनुष्याची वर्दळ नसावी, हे कायद्यात आले. शास्त्रदृष्ट्या त्यात वावगे काही नाही, आणि त्या धोरणाने वाघ वाढले हेही खरे, कारण २००६ सालच्या गणनेत महाराष्ट्रात १०३ असलेले वाघ २०२२ साली ४४४ झाले. त्या तत्त्वास अनुसरून बोटेझरी उठली, कोळसा गावातील घरे उठली, नवेगाव उठले, जामणी उठली. कुटुंबामागे मोबदल्याची रक्कम ठरली, घरांची मोजदाद झाली, आणि गाभा निर्वेध झाला. गाव गेल्यावर जामणीच्या मोकळ्या शेतांत गवत माजले, गवतामागे चितळ आले, चितळांमागे वाघ आला, आणि वाघामागून, सर्वांत शेवटी परंतु सर्वांत नियमितपणे, जिप्सी आल्या. जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांगर चालला, तो माळ आज हमखास व्याघ्रदर्शनासाठी नावाजलेला आहे. ह्यावरून असे अनुमान निघते, की बैलबंडीच्या चाकाने अरण्याची शांतता भंग पावते आणि जिप्सीच्या चाकाने तिचे संवर्धन होते, गुरामागे ओरडणाऱ्या पोराचा वाघास त्रास होतो, परंतु "लेफ्टला, लेफ्टला!" अशा कुजबुजीने त्याचे मन रमते.

ह्या सिद्धान्तावर एकदा संकट आले होते. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते थांबविले, आणि गावे हलविली जात असता ज्यांच्या घशातून शब्द निघाला नव्हता, असे कित्येक निसर्गप्रेमी स्थानिकांच्या रोजीरोटीच्या काळजीने एकाएकी व्याकूळ झाले. ऑक्टोबरात नवी मार्गदर्शक तत्त्वे आली, गाभ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत भागात पर्यटनास मुभा मिळाली, आणि व्याकुळता ओसरली. त्याच तत्त्वांत पर्यटन-व्यवसायाकडून संवर्धन-शुल्क घेऊन ते स्थानिकांच्या उत्कर्षार्थ खर्चावे असेही म्हटले आहे. परंतु वीस टक्क्यांचे कलम जसे प्रत्येक हॉटेलमालकास मुखोद्गत आहे, तसे हे कलमही मुखोद्गत असलेला हॉटेलमालक कोणास आढळल्यास त्याची गणना दुर्मीळ प्रजातींत करावी.

स्थानिक समाजाच्या लाभाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, नाहीतर आमच्यावर विघ्नसंतोषाचा आरोप यावयाचा. जमेच्या बाजूस पुष्कळ आहे. मोहर्ली, कोलारा, आगरझरीच्या तरुणांना आणि अलीकडे तरुणींनाही गाईडचे काम मिळाले, काहींनी कर्ज काढून जिप्सी घेतली, कोणी घरची खोली पाहुण्यांस देऊ लागला. सरकारने बफरच्या गावांसाठी जन-वन योजना काढली, स्वयंपाकाचा गॅस आला, आणि सरपणासाठी रानात जाण्याच्या खेपा कमी झाल्या. सांबराचा एक हाकारा ऐकून वाघ कोणत्या पाणवठ्याकडे निघाला हे सांगणारा गाईड हा ह्या सबंध व्यवहारातील एकमेव विद्वान होय, आणि म्हणूनच, आपल्या देशाच्या रीतीस अनुसरून, त्याचा मोबदला फेरीमागे ठरतो. पावसाळ्यात गाभ्याची दारे बंद झाली की त्या विद्वत्तेसही तीन महिने टाळे पडते. गावाच्या शिवारात, पूर्वी धान पिके त्या बांधांवर, आता कुंपणे आणि पोहण्याचे तलाव आहेत, आणि ज्याने ती जमीन विकली त्यालाच कुंपणाच्या आत बगिच्यास पाणी घालण्याची नोकरी मिळाली आहे; अहवालात हिची नोंद रोजगारनिर्मिती ह्या सदरात होते, आणि ती अक्षरशः खरी असते.

खर्चाची बाजू थोडक्यात आटोपती, कारण ती एकाच गोष्टीने व्यापली आहे. वाघ गेटवर थांबत नाही. तो गाभ्यात जन्मतो, बफरमध्ये वाढतो, आणि जागा अपुरी पडली म्हणजे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या झुडपी रानांत येतो, आणि त्याच दिवसांत, चैत्र-वैशाखात, गावे मोहफुलासाठी आणि तेंदूपत्त्यासाठी त्याच रानांत असतात. कारण पावसाळ्याच्या बियाण्याचा पैसा त्या पानांतून यावयाचा असतो. वाकून पान खुडणारी स्त्री वाघाला मनुष्यासारखी दिसत नाही, असे जाणते सांगतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात अशा तिघीजणी एकाच दिवशी गेल्या. पंचनामे झाले. शासनाने मृत्यूची भरपाई वाढवून २५ लाखांवर नेली आहे, आणि ही रक्कम थोडी नाही. परंतु दर्शनार्थ्याच्या सुरक्षिततेसाठी सहा आसनांची गाडी, परवानाधारक चालक, प्रशिक्षित गाईड आणि पायउतार न होण्याचा नियम आहे, तर ज्या बाईला पायउतारच राहून काम करावयाचे आहे तिच्यासाठी काय योजना आहे, असे विचारता बहुधा जागृतीपर फलकाकडे बोट दाखविले जाते. काही थोड्या गावांच्या वेशीवर वाघ आला की सूचना देणारे कॅमेरे बसविले आहेत, हे नमूद केले पाहिजे. आणि वाघीण जामणीच्या वळणावर बसली आहे ही वार्ता मोबाइलबंदी असूनही एका जिप्सीतून दुसरीत ज्या वेगाने पोहोचते, तो वेग ह्या यंत्रणेस अद्याप गाठता आलेला नाही, हेही.

शिस्तीबाबत मात्र संस्थान कडक आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, जुन्या वर्षाला निरोप देण्यासाठी शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जमलेल्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवून धरली. चित्रफिती सर्वत्र फिरल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली, आणि चालक व गाईड ह्यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. अपराध घडला खरा आणि शिक्षाही योग्यच, तरी "अजून पुढे घे, पैसे कशाला दिले आम्ही?" असे पाठीमागून ढोसणारा जो समाज प्रत्येक जिप्सीच्या वरच्या बाकावर बसलेला असतो, त्याच्या कपाळी कसलेच निलंबन आले नाही, हे पाहून लाभ वर आणि दंड खाली अशी उतरंड किती पक्की बसली आहे ह्याची खात्री पटली.

पैशाचे म्हणाल, तर कायद्याने व्याघ्रसंवर्धन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे आणि प्रवेशशुल्क तेथे जमा होते. परंतु २०२३ साली ताडोबाच्या ऑनलाइन आरक्षणातील सुमारे १२ कोटी रुपये प्रतिष्ठानापर्यंत पोहोचलेच नाहीत अशी फिर्याद चंद्रपुरात दाखल झाली, तेव्हा वाघापेक्षा अधिक चपळ आणि कॅमेऱ्यात न सापडणारे श्वापद ह्या अरण्यात आहे की काय, अशी शंका येऊ लागली. पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, ताडोबा महोत्सव भरला. त्यात २६ प्रजातींच्या ६५,७२४ रोपांची अक्षरे मांडून ‘भारतमाता’ हा शब्द लिहिला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. चंद्रपूरसारख्या, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्राच्या धुराखाली नांदणाऱ्या शहरात झाडे अक्षरांच्या रूपाने का होईना अवतरली, ह्याचा आनंद मानावा तेवढा थोडाच.

औंधचे नाव वर निघाले, ते उगीच नव्हे. तेथे गावच्या पंचायतींच्या हाती कारभार दिला गेला होता. आणि त्याच कल्पनेची एक उशिरा उगवलेली फांदी आमच्या ह्याच झाडीपट्टीत आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला; चंद्रपूर जिल्ह्यातच पाचगावच्या ग्रामसभेने बांबू विकून गावाचा संसार चालवून दाखविला, कोणती तोड करावयाची आणि कोणती ठेवावयाची ह्याचे नियम स्वतः केले आणि स्वतःवर लागू केले. तेथे कोणी लाभार्थी नाही, मालक आहेत. साहजिकच ह्या गावांस फार पर्यटक जात नाहीत, कारण ग्रामसभा उन्हात तासन्‌तास चालते, सर्वांचे एकमत झाल्याशिवाय उठत नाही, आणि तिचे छायाचित्र कितीही लांब भिंगाने घेतले तरी रोमांच उभे राहत नाहीत.

आमच्या सूचना अल्प आहेत. बफरमध्ये नवे गेट अथवा नवे हॉटेल उघडण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि तो नकाराचा असल्यास नकारच समजावा. प्रतिष्ठानात किती आले आणि कोठे गेले हे वर्षातून एकदा मराठीत व गोंडीत, चावडीवर, मोठ्याने वाचून दाखवावे. तेंदूच्या हंगामात गेटवर जितकी माणसे तिकिटे तपासावयास उभी असतात, निदान तितकीच पाने खुडणाऱ्यांच्या पुढे-मागे उभी करावीत. ह्यांपैकी एकाही सूचनेने वाघाच्या मिशीचा केसही वाकडा होत नाही, आणि हाच तिचा मोठा दोष ठरेल असे दिसते; कारण वाघाच्या नावावर जे खपते ते सर्व वाघाच्याच भल्यासाठी असते, असे मानण्याची सवय दफ्तराला आणि दर्शनार्थ्यांना सारखीच जडली आहे.

तथापि सूचना आल्या की समिती नेमली जाते, एवढा विश्वास आम्हांस आपल्या राज्यव्यवस्थेविषयी आहे. समितीत तज्ज्ञ असतील, सचिव असतील, हॉटेल-व्यवसायाचे प्रतिनिधी असतील. बैठक कोलाऱ्याजवळच्या एखाद्या आलिशान निवासात, मंगळवारचा दिवस वगळून भरेल, आणि सकाळच्या फेरीनंतर सुरू होऊन दुपारच्या फेरीपूर्वी संपेल. स्थानिक समाजास तीत स्थान नव्हते असा आक्षेप मात्र कोणास घेता येणार नाही. चहा आणि फराळ फिरविण्याचे काम गावातल्याच माणसांना दिले जाईल, आणि इतिवृत्ताच्या शेवटी, सहभागी ह्या रकान्यात, त्यांची संख्या मिळविली जाईल.