मग धरलं कशाला?

रविवारी सकाळी निम्मं कोल्हापूर मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं असतं. हा गृहस्थ त्या रांगेला वळसा घालून प्रयाग चिखलीच्या वाटेला लागतो. डोक्यावर काठाची टोपी, अंगात मोजता येणार नाहीत इतक्या खिशांचं जाकीट, पाठीला कार्बन फायबरची जोडकाठी. खिशांत पक्कड, मोजपट्टी, स्प्रिंगचा वजनकाटा आणि उलटा काटा कानशीने घासून सपाट केलेले गळ. माशाचं अंग खरचटू नये म्हणून सुतळीच्या जागी रबराची जाळी. एवढ्या सामानात एक वस्तू मात्र नसते, ती म्हणजे मासे घालायची पिशवी. कोल्हापुरातला ‘कॅच अँड रिलीज’वाला ओळखायची हीच खूण.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी घेऊन जिथे पंचगंगा पुढे निघते, त्या काठावर तो तासन्‌तास उभा असतो. काठावर एक काका असतातच. म्हशी पाण्यात घालून मोकळे झालेले, तंबाखू मळणारे, कसलीही घाई नसलेले.

“किती घावलं?”

“दोन.”

“दावा की.”

“सोडले.”

“निसटले व्हय?”

“नाही हो. मी सोडले. मुद्दाम.”

काका तंबाखू मळायचे थांबतात. “मग धरलं कशाला?”

इथून पुढे त्याचं व्याख्यान सुरू होतं. पण व्याख्यानाआधी फोटो. कारण निसटलेल्या माशाबद्दल कोल्हापुरात सहानुभूती मिळते, वर चहाही मिळतो. सोडलेल्या माशाबद्दल मात्र सरळ संशय घेतला जातो. मासा लागलाच नव्हता, असा. म्हणून पुरावा लागतो. फोटोत मासा नेहमी हात लांब करून कॅमेऱ्याच्या नाकापर्यंत नेलेला असतो, त्यामुळे पावशेराचा रोहू मांडीएवढा दिसतो. हे फोटो त्याने बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्या कार्यक्रमांत दाखवलेले आहेत.

काकांचा प्रश्न त्याला अडाणी वाटतो. खरं तर हाच प्रश्न जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात बसलेला आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला सबळ कारणाशिवाय यातना देणं तिथे गुन्हा. खायला धरला, हे कारण चालतं. मजेखातर धरला आणि फोटो काढून सोडला, हे चालत नाही. स्वित्झर्लंडनेही सोडण्याच्याच इराद्याने मासे धरायला मनाई केली आहे. म्हणजे हा इसम चिखलीत वेडा ठरतो आणि बर्लिनमध्ये आरोपी. त्याने खरं तर इंग्लंडात जन्माला यायचं. तिथल्या तळ्यांतले मोठे कार्प मासे पुन्हा पुन्हा धरले आणि सोडले जातात, आणि काही तर नावानिशी ओळखले जातात. तिथे माशांना नावं देतात, इथे सोडणाऱ्याला नावं ठेवतात.

काका कायदा विचारत नाहीत, कारण विचारतात. आणि कारणांची त्याच्याकडे उतरंड असते.

पहिलं कारण परंपरेचं. कोल्हापूरचे शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं अख्खं प्रकरण आहे. दोरी कशाची असावी, कोणत्या माशाला कोणतं आमिष लागतं, सगळं तपशीलवार. “नऊशे वर्षांचा नाद आहे हा,” तो सांगतो. नाद म्हटल्यावर काका जरा नरमतात. नादाला कारण विचारू नये, एवढी समज या जिल्ह्यात उपजत असते.

दुसरं कारण महसीरचं. आपल्या नद्यांतला हा दांडगा मासा. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याची शास्त्रीय नोंद केली. धरणं आणि सुरुंग यांनी तो रोडावला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी त्याची पिल्लं वाढवायचं तंत्र बसवलं. हे सांगताना त्याचा ऊर भरून येतो. पुढचा भाग तो सांगत नाही: यातली पिल्लं दूर कावेरीतही सोडली गेली, तिथे ती फोफावली आणि कावेरीच्या मूळच्या मदार असलेल्या महसीरला भारी पडली. तो मूळचा महसीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मासा सोडणं हे दरवेळी पुण्यकर्मच असतं असं नाही.

तिसरं कारण त्याचं हुकमी. “काका, खासबागेत कुस्ती बघता ना? पैलवान समोरच्याला चीतपट करतो, मग हात देऊन उठवतो. घरी नेऊन शिजवतो काय?”

काका थुंकून येतात आणि शांतपणे म्हणतात, “पैलवान लंगोट लावून आपल्या पायानं हौद्यात येतोय. हे मासं आल्तं व्हय?”

शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात एवढ्या झटपट निकाल लागलेल्या कुस्त्या थोड्याच असतील.

मासा आपणहून येत नाही, ही गोष्ट त्याला आतून ठाऊक असते, म्हणूनच तो अस्वस्थ आहे. २००३ साली एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचलं. मासे खायचे थांबले, डुलू लागले, ओठ तळाच्या खडीवर घासू लागले. उलट बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात, माशाच्या मेंदूला आपल्यासारखं वरचं आवरणच नाही, तेव्हा याला वेदना म्हणू नका. वाद मिटलेला नाही. आपल्या माणसाने त्यातून सोयीची बाजू निवडली आहे, पण गळ काढताना त्याचा हात हळू होतो. आणि हे त्याच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे: तो आधी हात भिजवतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागून बुरशी लागते. गळ खोल गिळला गेला असेल तर ओढाताण न करता तो दोरी कापतो. मासा वर काढला की तो स्वतःचाही श्वास रोखतो. आपल्याला धाप लागली की माशाला पाणी दाखवायचं, हा त्याचा नियम. मासा प्रवाहाकडे तोंड करून धरायचा आणि त्याने स्वतः शेपटी मारेपर्यंत सोडायचा नाही. व्याख्यानापेक्षा ही दोन मिनिटं कितीतरी खरी असतात.

तरीही सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. जगभरच्या अभ्यासांचा २००५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा सोडल्यानंतर मरणाऱ्यांचं प्रमाण सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास निघालं. जात, गळ आणि पाण्याचं तापमान यांप्रमाणे ते खूप बदलतं. मे महिन्यात आटलेल्या, कोमट पंचगंगेत प्राणवायू आधीच कमी, त्यात सांडपाणी. तिथे मासा दमवून सोडला तर तो काकांना दिसणार नाही अशा जागी जाऊन मरेल, इतकंच.

म्हणून त्याची खरी परीक्षा काठीवर होत नाही, ती मृगात होते. पहिला पाऊस कोसळला की गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडे गाबोळीने भरलेले चढणीचे मासे ओढ्यांतून वर येतात आणि गावंच्या गावं बुट्ट्या घेऊन उतरतात. त्या पंधरवड्यात काठी माळ्यावर ठेवणं म्हणजे खरं सोडणं. तो ठेवतो. पण गप्प बसत नाही; चढणीच्या माशांवर रोज एक पोस्ट टाकतो आणि खाली मामेभाऊ लिहितो, “कुठल्या ओढ्याला चढल्यात? लोकेशन पाठव.”

कायद्यानेही त्याला एकदा वाकवलं आहे. राधानगरीच्या जलाशयाकडे, अभयारण्याच्या हद्दीत, त्याने काठी जोडायला घेतली, तेव्हा वनरक्षकाने विचारलं, काय चाललंय. त्याने सोडण्याचं तत्त्वज्ञान मांडलं. १९५८ पासून राखलेल्या त्या जंगलात ते चाललं नाही. वन्यजीव कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच, मागून सोडलं तरी. कावेरी अभयारण्यातले गळाचे नामांकित कॅम्पही अशाच मुद्द्यावर बंद झाले. काठी परत पिशवीत गेली.

दुपारी घरी तो दोन वाट्या तांबडा आणि तीन वाट्या पांढरा रस्सा ओरपतो. बोकडाच्या बाबतीत त्याचं कसलंही तत्त्व नाही.

त्याची मोठी पंचाईत मात्र चिलापीने केली. हा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे वीण भराभर वाढते आणि स्थानिक मासे मागे पडतात. नदीचं भलं बघायचं तर चिलापी परत पाण्यात सोडायची नाही. मारायची तर याचा हात धजत नाही, आणि पिशवी तर आणलेलीच नसते. शेवटी एका रविवारी त्याने चिलापी काकांपुढे धरली आणि हा परदेशी मासा सोडणं कसं चूक, ते समजावलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी काका कॅरीबॅग घेऊनच हजर होते. तीन चिलाप्या आत गेल्या. मग कटला लागला, चांगला दीड किलोचा. त्याने हात भिजवले.

“ह्यो कुठला?” काकांनी विचारलं.

प्रश्न ज्ञानाचा होता, म्हणून तो फसला. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेतल्या गंगेच्या खोऱ्यातले, त्यांचं बीज आणून इथे सोडलेलं आहे, हे त्याने खरं खरं सांगून टाकलं.

“म्हंजे ह्यो बी परगावचाच की,” म्हणत काकांनी कॅरीबॅगचं तोंड उघडून धरलं.